आईच्या खोलीतली बरणी

सायडरची, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून दारू करायची बरणी आईच्या खोलीत ठेवण्यामागे भावना वगैरे काही नव्हती. ईडन प्रेरीच्या थंडीत आमच्या घरातली तेवढीच खोली यीस्टला मानवेल इतकी उबदार होती. आई नागपूरची, तिच्यासाठी हीटर कायम चढवलेला.

मी इथली नागरिक झाले आणि आई माझ्याकडे आलेली असताना तिच्या ग्रीन कार्डचा अर्ज भरला. एरवी ती नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटी, मी इथे एकटी. मला गणित सोपं वाटलं. वकिलाने बजावलं, की निकाल लागेपर्यंत परवानगीशिवाय देश सोडला तर अर्जच सोडला असं धरतात, आणि ती परवानगी कधी येईल याचा नेम नाही. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "इथे पायी कुठे जाता येते?" बाहेर गुडघाभर बर्फ होता. पण खरं सांगायचं तर उन्हाळ्यातही उत्तर तेच असतं.

सायडर मला शिकवलं शेजारच्या गृहस्थांनी. ते निवृत्त मॅनेजर, मूळचे पुण्याचे, गॅरेजमध्ये बिअर करतात. मराठी मंडळात त्यांना सगळे सर म्हणतात. त्यांच्याकडे बिअर घोटभर मिळते, त्याआधी माहिती पोटभर. माझी बरणी तपासायला ते खिशात थर्मामीटर घालून आले.

"हा एअरलॉक, मावशी. आतला वायू पाण्यातून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. म्हणून हे बुडबुड."

"म्हणजे हिला बाहेर जायची परवानगी आहे," आई माझ्याकडे न बघता म्हणाली.

सर मनापासून हसले. मी थर्मामीटरवरचा आकडा वाचत राहिले.

मी ऑफिसला गेले की घरात आई आणि बरणी. संध्याकाळी आल्यावर बातम्या बरणीच्याच. "सकाळी फार बोलली. दुपारी जरा सुस्त होती." मला त्याची गंमत वाटायची. काही आठवड्यांत बुडबुड थांबायला हवी होती, ती जानेवारी सरला तरी थांबेना. सरांनी यीस्टची पाठ थोपटली. "स्ट्राँग स्ट्रेन आहे, घाई करू नकोस."

शेवटी एका रविवारी त्यांनीच चव घेतली. ग्लास उजेडात धरला, फिरवला, डोळे मिटले. "ड्राय. लाँग फिनिश. हा पेशन्सचा परिणाम आहे." दुसऱ्या ग्लासनंतर मात्र त्यांना सोफ्यावरून उठता येईना. त्यांच्या बायकोला फोन करावा लागला.

ते गेल्यावर मी बरणी हलवायला घेतली तर तिचा गळा चिकट लागला. रबरी बूचही चिकट. खिडकीच्या कट्ट्यावर चमचा आणि साखरेचे दाणे.

"आई, तू साखर टाकतेस यात?"

"गप्प झाली की टाकतो एक चमचा. मग बोलते पुन्हा."

"अगं, पण कशाला?"

"दिवसभर कोण आहे इथं?" दूध संपलंय हे सांगावं तशा आवाजात ती म्हणाली. "तू येतेस तेव्हा दमलेली असतेस. हिला साखर दिली की झालं."

मी अर्ज पुन्हा समजावला. कुठवर आलाय, किती थोडं उरलंय, आता गेलीस तर कसं सगळं वाया जाईल.

"तुझा अर्ज चांगलाच आहे, बाई," ती म्हणाली. "पण तो मंजूर झाला तर मी इथं काय करू, तेवढं सांग."

मी ओल्या फडक्याने बरणीचा गळा पुसला. मग लॅपटॉप उघडून नागपूरचं एकेरी तिकीट काढलं.

ती गेल्यावर सर रेसिपी मागायला आले. त्यांना घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबच्या स्पर्धेत असंच काही उतरवायचं होतं.

"साखर कधी टाकलीस?"

"बोलायची थांबली की."

"हे सायंटिफिक नाही," ते म्हणाले, पण लिहून घेतलं.

हल्ली ऑफिसने मला घरूनच काम करायला सांगितलं आहे. नवी बरणी माझ्या टेबलावर असते.