कच्च्या दोऱ्याचं बटण

पाचूबंदरची इनेझ भ्यायची ती बटणाला. हसू नका. कोळ्याची लेक, कोळ्याची बायको, वादळाचं नाव काढलं तरी न डगमगणारी ही बाई नवऱ्याच्या सदऱ्यावर बटण दिसलं की पांढरीफटक पडायची.

कारणही तसंच होतं. नायलॉनची जाळी बंदरात नुकतीच आली होती, तेव्हाची गोष्ट. थंडी म्हणून तिचा बाप खाकी कोट घालून मासेमारीला गेला. जाळं सोडताना ते सरसर पाण्यात धावतं. त्या धावत्या जाळ्याचा एक फासा कोटाच्या बटणात अडकला. सुताचं जाळं असतं तर तुटलं असतं. नायलॉन कसलं तुटतंय! त्यानं माणसालाच ओढून नेलं. बापाचं प्रेत बाहेर काढलं तेव्हा बटण जागच्या जागी होतं. आईनं दुहेरी दोऱ्यानं लावलेलं, काय बिशाद सुटायची? शाळकरी इनेझनं ते पाहिलं आणि ते कायमचं तिच्या उरावर बसलं.

पुढे ती कॉन्व्हेंटच्या सिस्टरांकडे शिवण शिकली. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनला मुली घालतात ते झगे शिवावेत तर इनेझनंच. कापड फाटेल पण तिचा टाका सुटायचा नाही, असं बायका म्हणत. नवऱ्याच्या समुद्रावरच्या कपड्यांना मात्र ती आधी कात्री लावी. बटणं कापून बिस्किटांच्या डब्यात टाकायची, पुढची पट्टी शिवून बंद करायची आणि सदरा डोक्यातून घालायला लावायचा. नवरा हिलरी मोठ्या मनाचा माणूस. सोबतचे खलाशी 'बाळाचं झबलं' म्हणून चिडवत, तरी पहाटे तिनं काढून ठेवलेलंच अंगात घाली.

एकोणऐंशी साली नाताळच्या आधी मात्र पंचाईत झाली. हिलरीला खोकल्यानं धरलं. छाती उघडी राहिली तर अंथरूण धराल, असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच सुमाराला बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या भावानं परदेशातून जाड लोकरीचा कोट आणला. ऊबदार, अंगाला घट्ट बसणारा, पुढे ही मोठाली बटणं. शिवून बंद करावा तर डोक्यातून जाईना. बटणं कापू का म्हटलं, तर हिलरी पहिल्यांदाच तिच्यावर डाफरला. भावानं इतक्या मायेनं आणलेल्या कोटाला कात्री लावायची नाही, म्हणाला.

इकडे आड, तिकडे विहीर. कोट नाही घातला तर खोकला नवरा नेणार, घातला तर बटण नेणार. शेवटी त्याच्या पाठीमागे तिनं कोटाची सगळी बटणं उसवली आणि परत लावली. दोरा एकेरी घेतला, तोही बारीक. गाठ मारलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मुद्दाम वाईट शिवत होती, आणि कुणी पाहील म्हणून दाराकडे बघत होती.

पहाटे हिलरी कोट घालायला लागला तशी ती पुढे झाली. ओढाताणीत बटण घरातच हातात आलं तर? तिनं स्वतःच एकेक बटण हळूच काजात सरकवलं. आज नवरदेव आहे का मी, म्हणून त्यानं थट्टा केली आणि खोकत निघून गेला.

दुपार झाली. इतरांच्या बोटी आल्या, त्याची येईना. झग्यावर टाके घालता घालता इनेझ थांबली. तिनं तोच बारीक दोरा एका चिंधीत ओवला आणि हिसडा दिला. तुटला. जीव जरा भांड्यात पडला. मग काय मनात आलं कोण जाणे, तिनं दोरा पाण्यात बुडवला आणि पुन्हा ओढला. तुटेना. सुती दोरा भिजला की जास्त ताण धरतो. बाई गं, शिवणारणीला हे आधी कळायला नको? समुद्रात कोरडं काय राहतं! तिनं परत ओढला, दोरा बोटात रुतला. हातातलं तसंच टाकून ती अनवाणी किनाऱ्याकडे धावली. जपमाळेचे शब्दही तिला आठवेनात.

उन्हं कलल्यावर बोट आली. हिलरी उतरला, आपल्या पायांनी. कोट पुढून उघडा, पोटाजवळचं एक बटण गायब. बोटीचा प्रमुख, तांडेल व्हॅलेरियन, हसत हसत सांगायला लागला की जाळं सोडताना फासा अडकला, हिलरी कमरेपर्यंत बाहेर गेला, तेवढ्यात बटण सुटलं, नशीब म्हणायचं. हसत होता, पण त्याची बिडी काही केल्या पेटत नव्हती.

घरी आल्यावर हिलरी भिंतीला टेकून बसला.

"तुझं शिवन कधी सुटत नाय," तो म्हणाला. "ह्ये बटन कसं सुटलं?"

इनेझनं मान खाली घातली. "मीच कच्चं लावलं होतं. गाठ मारलीच नव्हती."

तो रागावला नाही. उठला, बिस्किटांचा डबा काढला, त्यातलं एक मोठं बटण शोधून तिच्या तळहातावर ठेवलं.

"ह्ये लाव. तसंच."

सकाळी परत जायचं होतं. इनेझनं सुई घेतली, पण दोरा नेढ्यात जाईना. शेवटी हिलरीनंच तो ओवून दिला.