दामूच्या डबीतली बाई

दामू गेला हे सांगायला त्याच्या बायकोचे, शांतावहिनींचे, भाऊ मालाडला माझ्या दारात आले, तेव्हा मी त्यांनाच विचारलं, "कुठे गेला?" अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला... परवाच तर भेटलो होतो. दामूला जाऊन आता दीड महिना झाला.

दामू गोदीत कारकून. सुट्टी मिळाली की चोरबाजार. शंभरेक वर्षांपूर्वीचे, चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचे फोटो तो जमवायचा. पारशी शेठ, गोऱ्या मडमा, कुणा संस्थानिकांची मुलं. जरा तिरका धरला की चेहरा नाहीसा होई, सरळ केला की परत येई. प्रत्येक फोटोला पुस्तकासारखी उघडणारी डबी, आत मखमल, बाहेर पितळी कडी. पार्ल्याच्या दोन खोल्यांत या अनोळखी माणसांनी अख्खं कपाट अडवलं होतं. "कपडे ठेवायचे कुठे?" वहिनी विचारत. "मखमलीला हात लावू नकोस गं," एवढंच उत्तर.

तेरावं झाल्यावर वहिनींनी कोनाड्यातली एक डबी माझ्यापुढे उघडली. नऊवारीतली, मोठ्या नथीची बाई. "या सासूबाई ना? हे म्हणाले होते. तेव्हापासून रोज फूल वाहतेय मी."

मी गोंधळलो. दामू तान्हा असतानाच आई वारली, तिचा एकही फोटो नाही, हे कॉलेजपासून त्याच्याच तोंडून ऐकत आलो होतो. आणि असले फोटो त्याच्या आईच्या जन्माआधीच काढायचे बंद झाले, हेही त्यानेच मला शिकवलेलं. मग बायकोला असं का सांगितलं? की स्वतःलाच सांगत होता?

वेंगुर्ल्याहून त्याची मावशी आली होती, आईची सख्खी धाकटी बहीण. तिने डबी खिडकीशी नेली, बराच वेळ न्याहाळली.

"ही आमची बाय न्हय."

वहिनींनी कोनाड्यातल्या फुलाकडे पाहिलं. "मग मी पुजलं कुणाला हो, भावोजी?" दामूवर चिडावं की त्याच्यासाठी रडावं... अजूनही ठरत नाही. मग वहिनीच म्हणाल्या, "देऊन टाका ती बाजारात परत."

"खंय दितंस गो?" मावशी म्हणाली. "झिलान तिका आवस म्हटल्यान मां? माका दी. मी घेवन जातंय." पोराने आई म्हटलं, तिला एवढं पुरेसं होतं.

वहिनी पुढे आल्या. मावशीच्या हातातून त्यांनी डबी हलकेच काढून घेतली.

"नाही हो मावशी. सासूबाई इथंच राहतील."