रुस्ताकच्या डोंगराचा राखणदार

ओमानला येताना देव्हारा बरोबर आणला, पण गावच्या शिवेवरचा राखणदार कसा आणणार? सिंधुदुर्गातल्या आमच्या घरी त्याला गाऱ्हाणं घातल्याशिवाय पान हलत नाही. इथे रुस्ताकमध्ये मात्र मला कायम उघड्यावर पडल्यासारखं वाटायचं. आपले देव समुद्र ओलांडून येतात की नाही, कोण जाणे!

ह्यांच्या ऑफिसात मोरीसान नावाचे वयस्कर जपानी इंजिनिअर होते. एका शुक्रवारी त्यांनी आम्हाला आपल्या गाडीतून डोंगरावर नेलं. गाडीत लांडग्याचं चित्र असलेला ताईत लटकत होता. मी विचारलं, तर म्हणाले, त्यांच्या गावच्या डोंगरावर शिंतो देऊळ आहे. दारात दगडी लांडग्यांची जोडी, आणि वाट चुकलेल्याला तेच सांभाळतात. मला इतकं कौतुक वाटलं! अगो बाई, हे तर आमचेच राखणदार! वर पोचल्यावर मोरीसाननी डोंगराकडे तोंड करून वाकून नमस्कार केला, टाळ्या वाजवल्या आणि स्वतःचं नाव-गाव सांगितलं. “पाहुण्याने आधी ओळख द्यावी,” म्हणाले. मी मनात म्हटलं, इथे कोण ऐकतंय?

जेवण आवरून बघते तर माझी दुसरीतली मीरा कुठेच नाही. तेवढ्यात ढग खाली उतरले, समोरचं काही दिसेना. पलीकडे सरळ कडा होता. हे हाका मारून थकले. मी गावच्या राखणदाराचा धावा करत होते. मोरीसान हलकेच म्हणाले, “इथल्याला सांगा.” मी चपला काढल्या, नाव-गाव सांगितलं आणि रडत गाऱ्हाणं घातलं, “बा देवा म्हाराजा, ह्या डोंगराच्या धन्या, मी तुका वळखत नाय, पण माझ्या चेडवाक सांभाळ!”

कुठेतरी कुत्रा भुंकला. आम्ही आवाजामागे धावलो. कड्याच्या अगदी जवळ मीरा बसली होती, आणि तिच्या पुढ्यात वाट अडवून एक पिवळट कुत्रा. “आई, हा डॉगी मला पुढे जाऊच देत नव्हता, फ्रॉक ओढत होता!” मी तिला उराशी धरलं. मोरीसान कुत्र्यासमोर कमरेत वाकले. तो वळला आणि ढगात निघून गेला.

खाली भेटलेले शेळ्यावाले आजोबा म्हणाले, “असेल कुणाच्या कळपातला. मुलगी मिळाली ना? अल्हम्दुलिल्लाह!” असेलही. मी वाद घालत नाही. शरण जायला ओळखीचाच देव लागतो, असं मला वाटायचं. त्या दिवशी अनोळखी डोंगराने माझी पोर परत दिली.

आता नव्या जागी पाय ठेवताना मीरा आधी आपलं नाव सांगते, मग गावाचं. मी तिच्या मागे हात जोडून उभी असते.