सहा जीपा आणि एक दशांश

एम.एस्सी.चं ते वर्ष मला आठवतं तेव्हा जरा धुक्यातूनच आठवतं. नंदुरबारच्या कॉलेजात दुपारचा तास, पंखा फिरतोय की नुसता लटकलाय ते कळत नाही, आणि सर फळ्यावर रेषा ओढतायत. एक रेषा पाण्याची, एक मजुरांची, एक जमिनीची. सगळ्या रेषांच्या आत जो तुकडा उरतो तिथे उत्तरं राहतात, आणि त्यातलं सगळ्यात चांगलं उत्तर एखाद्या कोपऱ्यात सापडतं. विषय लिनिअर प्रोग्रॅमिंग. तास संपला तरी मी त्या तुकड्यातच असायची. शनिवारी एसटीने कोरीटला घरी जाताना कपाशीची, मिरचीची वावरं मागे सरकायची आणि मला त्यांचे नुसते कोपरे दिसायचे.

वडिलांना एकदा बांधावर उभं करून हे सगळं समजावलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि अहिराणीत म्हणाले, "उत्तर कोपरामाच ऱ्हास, ते मंग बाकीनं वावर काय कामनं?" बाकीचं वावर कशाला, म्हणे! मी फणकारून घरात निघून गेले. मला राग लवकर येतो, आणि त्या वर्षी गणित येतं म्हणून जरा जास्तच येत होता.

होस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर वर्गातलीच एक मुलगी राहायची. मोलगीच्या वर, डोंगरातल्या एका पाड्यातली. घरी पावरी बोलायची, माझ्याशी मात्र पुस्तकातली शुद्ध मराठी, एकेक शब्द निवडून. याच पेपरात ती एकदा नापास झाली होती. या वेळी पुन्हा राहिली तर दिवाळीनंतर भावा-भावजयीबरोबर गुजरातेत ऊसतोडीला जायचं, असं घरात ठरलं होतं. हे तिने मला चादर घडी करता करता सांगितलं, आणि मग उशी झटकली. मनाशी म्हटलं, हिला मी पास करणार. माझा तोरा बघा!

सरांनी प्रोजेक्ट दिला: आपल्या भागातला एखादा प्रश्न घ्या, दोघांनी मिळून सोडवा, मग तोंडी परीक्षा. त्याच आठवड्यात त्यांनी इंटिजर प्रोग्रॅमिंग सुरू केलं होतं, म्हणजे उत्तर पूर्ण आकड्यातच हवं. "साडेतीन बैल आले म्हणून चार करू नका आणि तीनही करू नका," सर म्हणाले. "साडेतीन बैल जुंपून दाखवा आधी." वर्ग हसला, मीही हसले.

आम्ही मोलगीचा आठवडी बाजार घेतला. संध्याकाळी बाजार उठताना जीपने घरी जाणारी माणसं मोजायची आणि कमीत कमी किती फेऱ्यांत सगळी घरी पोचतील ते काढायचं. भाद्रपद होता. ढग इतके खाली उतरलेले की डोंगर मधूनच गायब व्हायचा. आम्ही दोघी एका मोहाच्या झाडाखाली वही घेऊन बसलो. समोर भगर, रानभाज्या, कोंबड्या, रंगीत ओढण्या. सगळं ओलं आणि हळू. कोणाला घाई नव्हती. मला वाटलं, हा दिवस असाच ठेवून द्यावा कुठेतरी, संपूच नये. जीपमध्ये सतरा जण बसत होते. आमच्या वहीत एकशे चार माणसं झाली.

त्या रात्री मुक्काम तिच्या घरी होता. शेवटची जीप लागली तेव्हा तिच्या आईने धावत जाऊन ड्रायव्हरशेजारच्या जागेवर आपली पिशवी ठेवली आणि मला हाताने खुणावलं. पाहुणी ना मी! मी ऐटीत जाऊन बसले. मागे त्यांच्या पाड्यातल्या बायका चढल्या. आई आणि मैत्रीण धरून त्या सात जणी. सहा जणी बसल्या, सातवीला जागा होईना. झालं, सहाच्या सहा खाली उतरल्या. एकत्र आलो तर एकत्र जायचं, ही त्यांच्या पाड्याची रीत. त्या रिकाम्या जागांवर दुसऱ्याच पाड्याची माणसं चढली. मैत्रीण खिडकीशी येऊन म्हणाली, "तू पुढे जा. आम्ही येतो."

मी पुढे गेले. त्यांच्या ओसरीवर बसून दीड तास वाट पाहिली. भूक लागली होती, डोकं फिरलं होतं. एकीसाठी सहा जणींनी चालायचं, हा काय हिशेब? मग वळणावरून गाण्याचा आवाज आला. ढगातून एकेक करत सात बायका बाहेर आल्या, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, आणि गाणं कुठे तुटलं नव्हतं.

होस्टेलवर येऊन मी गणित मांडलं. उत्तर आलं सहा पूर्णांक एक दशांश. मी लिहिलं, सहा.

"उरलेली माणसं?" तिने विचारलं.

"दोघं तर उरतात. मावतील कुठेतरी."

"मावत नाहीत."

"अगं बाई, एका दशांशासाठी आख्खी जीप आणू का?"

मी वही बंद केली.

तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं तिलाच विचारलं, "सहा का?" मी तोंड उघडलं, सरांनी हाताने मला थांबवलं. माझ्या डोळ्यांसमोर ऊस हलायला लागला. बोल गं बये, काहीतरी बोल!

"सर, उत्तर चुकलं आहे," ती म्हणाली.

मी खल्लास.

"सात पाहिजेत. पण सातही पुरतीलच असं नाही. आम्ही माणसं सुटी मोजली आहेत. आमच्या पाड्यातल्या सात जणी म्हणजे सात नाहीत, एक आहेत. बसल्या तर एक, नाहीतर शून्य. सहा कधीच नसतात. त्या दिवशी शेवटच्या जीपमध्ये एक जागा कमी पडली, तर सातही जणी चालत आल्या." तिने खडू घेतला आणि प्रत्येक पाड्याला एक अक्षर देऊन समोर लिहिलं: शून्य किंवा एक.

सरांनी फळ्यावरचं वाचलं आणि तिच्याकडे वळले. "मागच्या वर्षी पेपरात हे का नाही लिहिलंस?"

"मागच्या वर्षी पेपरात कारखान्यातल्या टेबल-खुर्च्या होत्या, सर."

सर खळखळून हसले. ती पास झाली, माझ्यापेक्षा चार मार्क जास्त घेऊन, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला न जाता पुन्हा आमच्या खोलीत आली. पण त्या दिवशी उठता उठता सरांनी सहज विचारलं, "सतरा बसतात म्हणता, मग शेवटच्या जीपमध्ये एक जागा कमी कशी पडली?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "गर्दी होती, सर," म्हणाली.

बाहेर व्हरांड्यात येऊन मी वही उघडली. एकशे चार माणसांची यादी मी माझ्या हाताने लिहिली होती, पाडावार, शेवटच्या जीपपर्यंत. दोनदा वाचली. त्यात तिची आई होती, ती होती, चालत गेलेल्या बाकीच्या पाचही जणी होत्या. ड्रायव्हरशेजारी बसलेली पाहुणी मात्र नव्हती. मी स्वतःला मोजलंच नव्हतं.