यंत्राचा चौथा प्रश्न

जयमालाबाई विंचवाला भीत नसत, पण पर्समधल्या यंत्राला भीत. केडगावची ही बाई पाथर्डीकडच्या वाड्यांवर नर्स. लोक शिस्टर म्हणायचे. अठ्ठ्याण्णव साली तळहाताएवढं एक यंत्र त्यांच्या गळ्यात पडलं. पुण्याच्या चार पोरांनी त्यात स्वतःची मराठी सिस्टीम घातली होती. लेकरू कुणाचं, टोचलं का, पुढचा डोस कधी, सगळं खिशात. तालुक्यातल्या तीन नर्सांना ते वापरून बघायला दिलं, तर दोघींनी ट्रंकेत घालून वर कुलूप लावलं. उरल्या जयमालाबाई. बिघडलं तर लोक कुणाच्या नावानं खडे फोडणार, तुम्हीच सांगा!

कंपनीचा प्रवीण हैराण झाला होता. "ताई, स्वस्त आहे, मराठीत आहे, तरी कुणी हात का लावत नाही?" ते बघायलाच तो दसऱ्यानंतर त्यांच्याबरोबर वाडीवर आला.

त्याच दिवशी माणसं ऊसतोडीला निघायची होती. सगळीकडे भांडीकुंडी, कोंबड्या, आरडाओरडा. चांगुणाचं नऊ महिन्यांचं पोर तेवढं गोवरच्या लसीचं राहिलं होतं. मागल्या साली उसाच्या फडावर पाचटाच्या झोपड्यांत, त्या कोप्यांमध्ये, गोवर आला, तेव्हा वाडीची दोन पोरं तिथंच पुरून माणसं परत आली होती. ट्रक हलायच्या आत टोचलं नाही तर?

चांगुणा बाळाला घेऊन पुढ्यात बसली. यंत्रानं नाव विचारलं, गाव विचारलं, वय विचारलं. मग चौथा प्रश्न : आधीची मुलं, मृत किती? तो भरल्याशिवाय यंत्र पुढं सरकायचं नाही. जयमालाबाईंनी हळूच विचारलं.

चांगुणाचा चेहरा पांढराफटक पडला. "ह्याच्याम्होरं मेलेली मोजू? हे बी त्यांच्या वाटंनं गेलं मंजी?" पोराला पदराखाली घेऊन ती घरात शिरली आणि आतून कडी लावली.

"आता ती दार उघडायची न्हाई, शिस्टर," तिची सासू कडूबाई म्हणाली. "टरक आला की मागच्या दारानं निघंल."

"यंत्र राहू द्या ताई, नुसतं टोचा," प्रवीण म्हणाला.

"आता मला घरात घेतंय कोण? तो प्रश्न काढ."

"इथं काढला तर महिन्याच्या सगळ्या नोंदी पुसल्या जातील!"

"जाऊ देत."

"पण एवढं काय आहे त्या प्रश्नात?"

वाडीच्या तोंडाशी हॉर्न वाजला. जयमालाबाई यंत्र त्याच्या हातात कोंबत म्हणाल्या, "ट्रेनिंगला तू प्रत्येकीला स्वतःच्या घरची माहिती भरायला लावलीस. माझी पहिली मुलगी दहा-अकरा दिवसांची गेली. मला आकडा भरवेना, मी शून्य घातलं. तुझं यंत्र मुकाट पुढं गेलं. म्हणजे ती झालीच नाही! त्या दोघींनी ट्रंकेत का कोंडलं, कळतंय का तुला?"

प्रवीणनं मान खाली घातली आणि तो यंत्राशी झटायला लागला. पडदा काळा झाला, मग रिकामा उजळला. महिना पुसला गेला होता, आणि तो प्रश्नही.

जयमालाबाई दाराला तोंड लावून म्हणाल्या, "चांगुणा, काढला बघ तो प्रश्न. कुणी काही मोजणार नाही. उघड गं माझे आई!"

आतली कडी निघाली. सुई टोचली, पोरानं भोकाड पसरलं आणि आई त्याला घेऊन ट्रककडे पळाली.

पुढल्या बैठकीत नर्सांनी एवढंच विचारलं, "तो प्रश्न गेला ना?" गेला म्हटल्यावर ट्रंका उघडल्या. उन्हाळा लागेपर्यंत यंत्रं तालुकाभर फिरू लागली. प्रवीणला कोण आनंद! जयमालाबाईंनी मात्र धसका घेतला होता. गोवर टळला तरी कोपीत ताप आहे, साप आहे, थंडी आहे.

पाडव्याच्या सुमाराला ट्रक परत आले. चांगुणा उतरली. कडेवर काही नव्हतं. हातातलं यंत्र जयमालाबाईंनी पदराआड लपवलं. विचारायची हिंमत होईना.

तेवढ्यात ट्रकमधून कुणीतरी भोकाड पसरलं. चांगुणानं हात वर करून पोराला खाली घेतलं आणि धुळीत उभं केलं.

"चालतंय आता, शिस्टर," ती म्हणाली. "पावलं मातर मोजू नगा."