डाव्या हाताचं वर्ष

परवा पेणच्या बाजारपेठेतून येताना खेळाच्या सामानाच्या दुकानाबाहेर जाळीत टांगलेले नवे चेंडू दिसले आणि माझे पाय आपसूक थांबले. दुपारच्या उन्हाने तापलेल्या रबराला एक कडसर, धुळकट वास येतो. ज्याने शाळेच्या मैदानावर चार वर्षं काढली आहेत त्याला तो वास अत्तरासारखा ओळखू येतो. दुकानदाराने विचारलं, "नातवाला का?" मी म्हटलं, "नाही, असंच." पण नाक त्या जाळीजवळ नेल्याशिवाय मला पुढे जाववलं नाही, आणि त्या वासामागून माझी मैत्रीण उभी राहिली. अगदी शाळेच्या दारातून यायची तशी, चौकटीला डोकं लागेल या भीतीने मान किंचित खाली घालून.

ती खाडीकडच्या गावातून पेणला शाळेत यायची. घरचं काम मिठागरावरचं. अंगणातल्या शेवग्यासारखी ती एका पावसाळ्यात भराभर वाढली आणि गावाला तिची काळजी वाटू लागली. काळजी एकच, एवढ्या उंच मुलीला नवरा कुठून आणायचा. तिची आई तर तिला बजावून सांगायची, "चारचौघांत बसून ऱ्हा गो, उभी ऱ्हाऊ नको." आमच्या शाळेत बास्केटबॉल आला तो एका नव्या सरांमुळे. मातीचं मैदान, लाकडी फळी आणि लोहाराकडून करून आणलेली रिंग. पहिल्या दिवशी सगळ्या मुली उड्या मारून दमल्या. तिने नुसता हात वर केला. ज्या उंचीसाठी ती रोज कुणाची ना कुणाची बोलणी खायची, त्याच उंचीसाठी त्या दिवशी टाळ्या वाजल्या. तिचा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मला अजून सांगता येत नाही. लबाडीने काहीतरी गोड खाल्ल्यासारखा, एवढंच म्हणेन.

रोह्याला शाळांचे सामने होते. तिथे कुणा एका कारखान्याच्या वसाहतीत सिमेंटचं मैदान होतं आणि त्या वसाहतीत एक बाई राहत होत्या, एका अधिकाऱ्याची पत्नी. मूळच्या दक्षिणेकडच्या. लग्नाआधी त्या आपल्या राज्याच्या संघातून खेळलेल्या. मराठी त्या रोह्याच्या बाजारात भाजी घेता घेता शिकल्या होत्या, त्यामुळे बोलणं अस्सल इथलं आणि उच्चार भलतेच. सामना संपल्यावर त्या थेट माझ्या मैत्रिणीपाशी आल्या आणि म्हणाल्या, "दर रविवारी येणार काय? मी शिकवते." आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. पण पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हा त्या साडीचा पदर खोचून, पायात कॅनव्हासचे बूट घालून मैदानाच्या मधोमध उभ्या होत्या.

आम्ही म्हणजे ती आणि मी. तिला एकटीला एसटीने रोह्याला पाठवायला तिची आई तयार नव्हती, म्हणून सोबतीला मी. मलाही खेळायचं होतं, पण मला लवकरच कळलं की मला खेळ आवडतो आणि तिला तो लागतो. घामाने निथळल्यावर मी सावली शोधायची. ती तेव्हा कुठे अंगात आल्यासारखी धावू लागायची. मॅडम तिला पळवायच्या, थांबवायच्या, गुडघे वाकवून मैदानभर तिरकं चालायला लावायच्या. तास तास चेंडू हातातच नसायचा. मी कुंडलिका नदीवरून येणाऱ्या वाऱ्यात बसून शेंगा सोलायची आणि मनात म्हणायची, यात खेळ कुठे आहे? परतीच्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकून झोपायची. नागोठण्याला गाडी थांबली की भजी घेऊन मी तिला उठवायची. ती अर्ध्या झोपेत खायची आणि पुन्हा झोपायची.

दहावीनंतर मॅडम तिला मुंबईला निवड चाचणीला घेऊन गेल्या. एका मोठ्या सरकारी खात्याचा मुलींचा संघ होता. निवड झाली तर नोकरी, पगार आणि काम म्हणजे खेळणं. खेळून पोट भरायचा तेव्हा आमच्या माहितीतला एवढाच रस्ता. ती गेली आणि हात हलवत परत आली. तिला डावीकडून जाताच येत नाही, हे समोरच्या मुलींनी दहा मिनिटांत ओळखलं होतं. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तू अजून अर्धीच हाय. उरलेली अर्धी घेऊन पुढच्या वर्षी जाऊ."

मग सुरू झालं ते डाव्या हाताचं वर्ष. तिने ठरवलं की जेवण सोडून सगळं डाव्या हाताने करायचं. रहाट डाव्या हाताने, केर डाव्या हाताने, वेणी घालतानासुद्धा डावा हात पुढे. मिठागरावर फावडं उलट्या बाजूने धरून ती मीठ ओढू लागली तेव्हा आई वैतागली. "डावरी झालीस काय गो?" शाळेच्या मैदानावर संध्याकाळी ती डाव्या हाताने टप्पे देत फिरायची. सुरुवातीला चेंडू तिच्या पायाला आपटून गटारात जायचा आणि तो आणायचं काम माझं. चार-सहा महिन्यांनी गटाराकडे जायची वेळच येईना. मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं झालं.

दुसरी चाचणी जवळ आली आणि नेमकं तेव्हाच रोह्याकडचं स्थळ आलं. मुलगा कंपनीत कामाला आणि मुख्य म्हणजे तिच्यापेक्षा उंच. आईला आभाळ ठेंगणं झालं. मुंबईचा विषयच बंद. मैत्रिणीने दोन दिवस सगळ्यांशी बोलणं टाकलं, पण विरोध असा केला नाही. पाहुणे आले त्या दिवशी मी पोहे करायला होते. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि मुलाच्या आईला कप दिला तो डाव्या हाताने. मग मुलाच्या मामाला. तोही डाव्या हाताने. मुलाच्या आईने कप तसाच खाली ठेवला. एवढासा आवाज झाला, पण ओटीपासून चुलीपर्यंत ऐकू गेला. पाहुणे गोड बोलून उठले आणि चार दिवसांत नकार आला.

नकाराचा निरोप आला तेव्हा आई मागल्या दारी भांडी घासत होती. हातातलं पातेलं तिने घासून उपडं घातलं. मग तिने विचारलं, "मुद्दाम केलंस व्हय?"

"नाय गो आये. हात आपसूक गेला."

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली. खोटं बोलताना पोरीचे कान लाल होतात हे तिला माहीत होतं. कान लाल नव्हते. "आपसूक?" तिने पुन्हा विचारलं, आणि अचानक तिला हसू फुटलं. राखेचे हात पोटाशी धरून ती माऊली हसत सुटली. "मग त्या तुझ्या बाईंना सांग, हात झालाय म्हणावं. आणि या खेपेला मी बी येनार."

आई खरंच आमच्याबरोबर मुंबईला आली. मैदानाच्या कडेला बसून तिने मला विचारलं, "त्या टोपलीला तळ नाय. मंग टाकतात कशाला गो?" समोर तिची लेक डावीकडून वळून आत शिरली, दोघींच्या मधून उंच उठली, आणि आई विचारलेलं विसरून उभी राहिली. त्या संध्याकाळी नाव जाहीर झालं तेव्हा मॅडम रडल्या. आई रडली नाही. तिने फक्त विचारलं, "जेवण कोन देनार हिला तिकडं?"

पुढे ती खूप वर्षं खेळली. परगावी, परराज्यांत, दोनदा परदेशातही. ते कौतुक वर्तमानपत्रांनी केलं, मी काय सांगू. मला आठवतं ते निराळंच. गणपतीच्या सुमारास नेहमी तिचं शिबिर असायचं. पेणचं माणूस, आणि घरच्या गणपतीला कधी नाही. ती यायची तेव्हा मखर उतरवलेलं असायचं, कागदी फुलं पेटीत गेलेली असायची. आई शिळे मोदक वाफवून पुढे ठेवायची आणि ती हसून खायची. खेळाडू व्हायला काय काय लागतं असं मुली आता तिला विचारतात. ती धावणं सांगते, झोप सांगते, आहार सांगते. मोदकांचं सांगत नाही.

यंदा ती निवृत्त होऊन घरी आली, आणि मूर्ती आणायला आम्ही दोघी कारखान्यात गेलो. रंगाचा ओला वास सुटला होता. तिने फार वेळ लावून एक लहानशी मूर्ती निवडली. रिक्षात मी म्हटलं, "माझ्या मांडीवर दे, दमशील." ती नाही म्हणाली. खड्ड्याखड्ड्याला दोन्ही हातांनी मूर्ती सावरत ती बसली होती. मी त्या हातांकडे पाहत होते. आलेला चेंडू क्षणभरही जवळ न ठेवता पुढे द्यायचा, हेच त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आता घर येईपर्यंत ते काही सोडणार नव्हते.