न हालणारी दाढ

मांडवगण फराट्यात पोराचा दात हालायला लागला, की आई त्याला कोंडिबा आबांच्या ओट्यावर आणून बसवायची. आबा पक्के गप्पिष्ट. दाताला दोरा बांधता बांधता आपल्या खोडसाळ म्हशीची गोष्ट सुरू करायचे, पोरगं हसायला तोंड उघडायचं, आन् दात आबांच्या हातात! निम्म्या गावाचे दुधाचे दात या माणसानं काढले, कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. मग दातांच्या डॉक्टरकडे कशाला कोण मरायला जातंय?

नव्याण्णव सालच्या दिवाळीनंतर पुतण्या नवनाथ बायकोसह नऊ वर्षांच्या लेकीला, प्रांजलला घेऊन आला. दाढ किडलेली, गाल टम्म सुजलेला, पोरीला तीन रात्री झोप नाही. शिरूरला दाखवून आणू म्हणून तिची आई राजश्री चार दिवस नवऱ्याच्या मागं लागली होती. पण तो ऐकेल तर शपथ! ऊसतोड तोंडावर, आन् दुधाच्या दातापायी अख्खा दिवस घालवायचा म्हणजे त्याला शुद्ध येडेपणा वाटत होता. त्या घरात बाईच्या शब्दाला फारसं वजनही नव्हतं.

आबांनी दाढ चाचपली. सगळ्यांत मागची, जागची हालेना. त्यांनी दोरा खिशात घातला.

"ही म्या काढणार न्हाई. शिरूरला ने."

पडेल आन् नवी येईल की, असं नवनाथ कुरकुरला. तसा आबांनी स्वतःचाच आ वासला. खाली मागच्या बाजूला हे एवढं खिंडार.

"माझी बी हीच दाढ. नऊ वर्साचा व्हतो, बापानं पकडीनं उपटली. नवी येईल म्हनला. साठ वर्सं झाली नवनाथ, अजून आली न्हाई."

राजश्रीला हसू आवरेना. नवनाथ मात्र हसला नाही. त्यानं मोटारसायकल काढली.

आबा बरोबर असतील तरच येईन, असं प्रांजल अडून बसली, म्हणून आबांनाही मागं बसवून तिघं निघाले. दवाखान्यात आबांनी तिचा हात धरून म्हशीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगितली. ही कायमची दाढ आहे, काढली असती तर पोरगी तिला जन्मभरासाठी मुकली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तीन खेपा लागतील, पण वाचेल. ते ऐकून आबांचे डोळेच भरून आले.

तिसऱ्या खेपेला ऊसतोड ऐन भरात होती. तरी नवनाथनं प्रांजलबरोबर धाकट्या गोकुळलाही गाडीवर बसवलं. त्याचं तर काहीच दुखत नव्हतं. राजश्रीनं नवलानं विचारलं, तेव्हा तो गाडीला किक मारत म्हणाला, "दावून आनतो. एकदा गेली म्हंजी येत न्हाई."